प्रकृतीसाठी निसर्गात वेळ : कासची सहल की घराजवळचे झाड?

कृष्णावेण्णा (धागाकर्ती)

नमस्कार. मी निवृत्त परिचारिका असून साताऱ्यात राहते. ऑगस्ट उजाडला की आपल्याकडे कासला जाण्याचे बेत ठरू लागतात आणि निसर्गात गेल्याने किती बरे वाटते याची चर्चा घराघरांत होते. ती चर्चा मला मनापासून आवडते, पण तिच्यात एक गोष्ट सुटून जाते, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे की, प्रकृतीच्या दृष्टीने पाहिले तर वर्षातून एकदा गाडी काढून केलेल्या सहलीपेक्षा, घरापासून चालत जाता येईल अशा झाडाखाली, तळ्याकाठी किंवा टेकडीवर आठवड्यातून अनेकदा घालवलेला वेळ अधिक उपयोगी पडतो. आणि हा वेळ औषधाच्या जागी नव्हे, तर औषधाच्या जोडीने धरायचा असतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात काम करताना खिडकीजवळची खाट मिळावी म्हणून आग्रह धरणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले. त्या आग्रहामागे नुसती हौस नसते, हे पुढे वाचनातून कळले. रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि वय, लिंग, धूम्रपान अशा बाबी जुळवून २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, तर भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली आणि परिचारिकांनी लिहिलेल्या शेऱ्यांत त्यांच्या अस्वस्थतेचे, रडवेपणाचे उल्लेख कमी होते. उलरिक यांनी फक्त १ मे ते २० ऑक्टोबर या काळातील नोंदी घेतल्या, कारण तिकडे एरवी झाडांना पानेच नसतात. आपल्याकडे वड, आंबा, जांभूळ बाराही महिने हिरवे असतात, आणि तरीही आपल्या खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरा अभ्यास अलीकडचा, म्हणजे २०१९ चा आहे. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांना मागील आठवड्यात फुरसतीचा किती वेळ निसर्गात गेला आणि प्रकृती व समाधान यांविषयी त्यांचे स्वतःचे काय मत आहे, हे विचारले गेले. आठवड्यात १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ घालवणाऱ्यांमध्ये प्रकृती चांगली असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. २०० ते ३०० मिनिटांच्या पुढे मात्र आणखी वाढ दिसली नाही. हा वेळ एकदम घालवला की थोडा थोडा, याने फरक पडला नाही. म्हणजे रोज वीस मिनिटे काढली तरी आठवड्याचा हिशेब पुरा होतो, आणि ज्यांना कासपर्यंतचे २५ किलोमीटर झेपत नाहीत त्यांनीही मन लहान करण्याचे कारण उरत नाही.

असे का होत असावे? चालणे, उजेड, मोकळी हवा, माणसांची सोबत ही कारणे तर आहेतच. त्यापलीकडे रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली उपपत्ती मला पटते. हिशेब, मोबाइल, रहदारी यांकडे आपल्याला प्रयत्नपूर्वक लक्ष द्यावे लागते आणि ते लक्ष थकते. निसर्गात लक्ष आपोआप गुंतते, म्हणून थकलेल्या भागाला विसावा मिळतो. आमच्या घराजवळच्या पिंपळाच्या वाळक्या फांदीच्या टोकाला तांबट पक्षी बसतो. प्रत्येक ‘टुक्’ला त्याचा गळा फुगतो आणि मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळते, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते चटकन ठरत नाही. त्याला शोधण्यात गेलेली पाच मिनिटे मेंदूला कामाची वाटत नाहीत, आणि मला वाटते त्यांचा लाभ तिथेच आहे.

अजिंक्यतारा, चार भिंती, यवतेश्वरचा घाट, कुरणेश्वर, महादरे, गोडोलीचे तळे, संगम माहुली या जागा आपल्या उंबरठ्यावर आहेत. आपण त्यांचा उपयोग कसा करता आणि त्यात काय अडचणी येतात, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

गोडोलीकर

ताई, फार आवश्यक विषय घेतलात. मी वर्षानुवर्षे पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्यांपैकी आहे, म्हणून गडावर रोज कानावर पडणाऱ्या काही समजुतींविषयी लिहितो.

पहिली समजूत ड जीवनसत्त्वाची. कोवळ्या उन्हात बसल्याने ते मिळते असे आमच्या गटातील बहुतेकांना वाटते. वास्तविक त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच ते पुरेशा प्रमाणात पोहोचतात. सकाळच्या उजेडाचा लाभ वेगळा आहे. डोळ्यांवर पडणारा हा उजेड शरीराचे घड्याळ लावतो, त्यामुळे रात्री वेळेवर झोप येण्यास मदत होते. तेव्हा ज्यांना झोपेची तक्रार आहे त्यांनी पहाट चुकवू नये, आणि ज्यांच्या रक्तचाचणीत ड जीवनसत्त्व कमी आले आहे त्यांनी केवळ पहाटेच्या फेरीवर विसंबू नये. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात किंवा दुपारच्या आधी थोडा वेळ उन्हात जावे.

दुसरी बाब गुडघ्यांची. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला भितात, पण गुडघ्यांवर खरा ताण उतरताना येतो, कारण तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायवाट सोडून डांबरी रस्त्याने, काठी घेऊन, छोटी पावले टाकत उतरावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी गड चढू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दाब जाणवला, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ गेली, तर ‘चढामुळे असेल’ म्हणून पुढे न जाता तिथेच बसून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरी गोष्ट हवेची. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा खाली बसते आणि पेटवलेल्या कचऱ्याचा, उसाच्या पाचटाचा धूर पायथ्यालाच अडकून राहतो. गडावरून खाली पाहिले की शहरावर करड्या रंगाचा थर स्पष्ट दिसतो. दमेकऱ्यांनी त्या दिवसांत सूर्य थोडा वर येऊ द्यावा आणि मगच बाहेर पडावे. आणखी एक : कड्याकपारीत आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला धूर करणे, दगड मारणे आणि आरडाओरडा करणे कटाक्षाने टाळावे.

मिरजेचा_वाचक

धागा वाचून समाधान वाटले. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे पुराव्याच्या बाजूने थोडे लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

इंग्लंडचा जो अभ्यास वर आला आहे तो एका वेळी केलेल्या पाहणीवर आधारलेला आहे. निसर्गात गेल्याने प्रकृती सुधारली, की प्रकृती चांगली असल्याने लोक बाहेर पडू शकले, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. संशोधकांनी दीर्घ आजार असलेल्या आणि वयस्क गटांतही तोच कल पाहिला, त्यामुळे शंका काहीशी कमी होते, पण पुरती जात नाही. उलरिक यांच्या अभ्यासात रुग्ण फक्त ४६ होते. जपानच्या वन विभागाने १९८२ पासून पुरस्कारलेल्या वनस्नानाविषयी, म्हणजे जंगलात निवांत वेळ घालवण्याविषयी, आणि झाडांनी हवेत सोडलेल्या द्रव्यांमुळे रोगप्रतिकारक पेशी वाढतात या दाव्याविषयी समाजमाध्यमांवर फार मोठ्या गोष्टी फिरतात. त्यामागील प्रयोगांत मात्र माणसे थोडी होती. त्यांच्या भरवशावर कोणी रोग बरा करण्याचे आश्वासन देत असेल तर सावध राहावे.

याच्या उलट, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोगही आहेत आणि ते अधिक भरवशाचे असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१५ च्या प्रयोगात ३८ निरोगी व्यक्तींपैकी काहींना गवताळ, झाडीच्या भागातून आणि काहींना वाहत्या हमरस्त्याच्या कडेने ९० मिनिटे चालवले. झाडीतून चालून आलेल्यांमध्ये तेच तेच दुःखद विचार घोळवण्याची प्रवृत्ती कमी झाली आणि त्या प्रवृत्तीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही मंदावली. रस्त्याने चालणाऱ्यांत तसे दिसले नाही. चालणे दोन्ही गटांनी सारखेच केले होते, म्हणून फरक चालण्याचा नव्हे, परिसराचा म्हणावा लागतो.

माझा निष्कर्ष इतकाच की, लाभ मध्यम असला तरी खरा दिसतो, खर्च जवळजवळ नाही आणि धोका थोडा आहे. त्यामुळे रक्तदाबाची गोळी चालू ठेवून टेकडी चढणे हा अत्यंत शहाणपणाचा व्यवहार आहे.

कोरेगावची_लेक

मला इथे एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो मनापासून विचारते आहे. माझी आई कोरेगाव तालुक्यात शेती करते. आल्याला भर लावणे, घेवड्याची भांगलण, जनावरांची वैरण, यांत तिचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत झाडामातीतच जातो. १२० मिनिटांचा हिशेब लावायचा तर तिचे आठवड्याचे माप एका दिवसात कितीतरी पटींनी भरते. मग तिची कंबर का दुखते, तिला रात्री झोप का लागत नाही, आणि ती कायम थकलेली का असते? निसर्ग हा सुट्टीवर आलेल्यांनाच लाभतो की काय, असे कधी कधी वाटते. भर दुपारी वाकून ओळीने गवत काढणाऱ्या बाईला कोणी ‘हिरवळीत राहता, नशीबवान आहात’ म्हटले की फार लागते.

कृष्णावेण्णा (धागाकर्ती)

आपला प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर अर्धेमुर्धे देऊन चालणार नाही.

इंग्लंडच्या पाहणीत केवळ फुरसतीने घालवलेला वेळ मोजला होता. कामाचा वेळ त्यात धरलाच नव्हता. ही मर्यादा वाचताना सहज नजरेआड होते. वर ज्या विसाव्याच्या उपपत्तीचा उल्लेख मी केला, तिच्यातही नेहमीच्या जबाबदारीपासून थोडे दूर असणे ही एक अट आहे. आपल्या मातोश्री शेतात असतात तेव्हा त्यांचे लक्ष पाटाच्या पाण्याकडे, मजुरांच्या रोजाकडे, ढगांकडे आणि बाजारभावाकडे लागलेले असते. डोळ्यांसमोर हिरवळ असली तरी ती त्यांच्या चिंतेचा विषय असते. त्यात वाकून काम केल्याने कंबरेवर येणारा भार, उन्हाचा ताण आणि अपुरे पाणी पिणे यांची भर पडते. त्यांना व्यायाम आणि उजेड भरपूर मिळतो. मिळत नाही तो स्वतःचा वेळ. म्हणून कष्ट करणाऱ्या बाईला ‘निसर्गात जा’ असे सांगणे निरर्थक आहे. तिचे एखादे काम घरातील दुसऱ्या कोणी उचलणे आणि तेवढा वेळ तिला कामाविना बसता येणे, हाच तिच्यासाठी योग्य उपाय होय. कंबर आणि झोप यांची तक्रार फार दिवसांची असेल तर रक्तक्षय, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी अवश्य करून घ्यावी, हे परिचारिका या नात्याने आग्रहाने सांगते.

कोरेगावची_लेक

आपले उत्तर वाचून एक गोष्ट लख्ख झाली. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात आली की आई लोणंदपासून फलटणपर्यंत चालते. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण तिने सहसा चुकवलेले नाही. तेच ऊन, तीच माती, पाय तर शेतातल्यापेक्षा जास्त दुखतात. पण त्या दिवसांत ती गाढ झोपते आणि परतल्यावर पुढचे कितीतरी दिवस तिचा चेहरा वेगळा असतो. वारीत तिच्या मागे स्वयंपाक नसतो आणि वैरण नसते. भक्तीचा वाटा त्यात मोठा आहेच, तो मी मोजू शकत नाही. परंतु आठवड्यातील दोन संध्याकाळी वैरण आणि धारा भावाने पाहाव्यात, हे मी घरी बोलून ठरवणार आहे.

सांगलीवाडी

माझी आई पक्षाघातानंतर बराच काळ अंथरुणावर आहे, त्यामुळे उलरिक यांच्या अभ्यासाविषयी वाचताना थांबून राहिलो. आम्ही तिची खाट भिंतीकडून काढून खिडकीकडे, परसातील कडुनिंब दिसेल अशी वळवली. केवळ तोंड वळवून भागले नाही, कारण पडून राहिलेल्या माणसाला खिडकीच्या वरच्या भागातून फक्त आकाश दिसते. उशाकडची बाजू उंच केल्यावर फांद्या तिच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. आता कावळ्यांची काटक्यांची ने-आण, फुलोरा, पिकलेल्या लिंबोळ्या हे सारे ती आम्हाला सांगते, आणि बोलण्याचा सराव आपोआप होतो. तिचा हात त्यामुळे सुधारला असा दावा मी करणार नाही. तो फिजिओथेरपीचा भाग आहे. दिवसाचा तिचा वेळ मात्र पूर्वीपेक्षा चांगला जातो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. निसर्गाचे रूप नेहमी शांतवणारेच असते असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या महापुरात घर बुडालेल्या अनेकांना आजही नदीकाठी फिरायला नको वाटते, पाऊस लागला की छातीत धडधडते. अशांना ‘घाटावर जा, बरे वाटेल’ असा सल्ला देऊ नये. आम्ही आमच्या वडिलांना नदीकाठाऐवजी आमराईत नेतो. उघड्याबोडक्या डोंगरावर धो. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी उभे केलेले सागरेश्वरचे अभयारण्यही त्यांना आवडते. जागा निवडताना त्या माणसाच्या आठवणी विचारात घ्याव्यात, एवढीच विनंती.

शाहूनगरची_आई

मला मुलांविषयी लिहायचे आहे. माझ्या मुलाला दुसरीतच चष्मा लागला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी त्याला रोज दिवसाउजेडी बाहेर खेळू द्या असे बजावले. घरात पुस्तक वाचण्यापेक्षा बाहेरच्या प्रखर उजेडाची यात मोठी भूमिका असते, असे त्यांनी समजावले. नंतर मी शोधले, तेव्हा चीनमधील ग्वांगझू येथील प्रयोग सापडला. तेथील १२ शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानात दिला. तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष (लांबचे अंधूक दिसणे) जडलेला आढळला; इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. चष्मा लागण्याआधीच हा उपाय अधिक उपयोगी ठरतो, त्यामुळे लहान भावंडे असणाऱ्यांनी आजपासूनच सुरुवात करावी.

दुसरा मुद्दा आम्हा बायकांचा. पहाटेची वेळ डब्यांची असते आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर गडाच्या वाटेवर एकटीने जाणे सुरक्षित वाटत नाही. वाटेत स्वच्छतागृह नसल्याने अनेकजणी पाणी न पिता चढतात, जे प्रकृतीला वाईटच. आम्ही चौघीपाचजणींनी मुले शाळेत गेल्यानंतरची वेळ धरली आहे. तेव्हा ऊन असते, म्हणून गड न चढता सावलीच्या रस्त्याने फिरतो.

गोडोलीकर

ताई, आपण निवडलेली वेळ ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने आमच्या पहाटेपेक्षा चांगली आहे. मध्ये मध्ये सावलीतून बाहेर यावे, एवढेच. स्वच्छतागृहाची मागणी आमच्या गटातर्फे लेखी देण्याची जबाबदारी मी घेतो. आपल्या गटातील सह्या मिळाल्या तर अर्जाला वजन येईल. त्याच अर्जात वणव्यांचाही विषय घालू. फेब्रुवारीपासून डोंगराला मुद्दाम लावल्या जाणाऱ्या आगींमुळे रोपटी, घरटी आणि वाट चालणाऱ्यांची फुप्फुसे, तिन्हींचे नुकसान होते.

मिरजेचा_वाचक

कासविषयी एक शब्द लिहावासा वाटतो, कारण शीर्षकात त्याचे नाव आहे. जांभ्या खडकावरील मातीचा अगदी पातळ थर, त्यात उगवणारी सीतेची आसवे, तेरडा, गेंद आणि डबक्यांतील वायतुरा हे सारे पायाखाली सहज चिरडले जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाल्यावर गर्दी वाढली आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. आठवड्याचा वेळ आपण घराजवळ भरून काढू लागलो, तर पठारावरचा भारही हलका होईल.

कृष्णावेण्णा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगलीवाडी यांनी खाटेच्या उंचीविषयी लिहिले ते प्रत्येक घरी सांगण्यासारखे आहे. अशा रुग्णाला बसवताना पाठीमागे भक्कम आधार द्यावा, खिडकीतून थेट ऊन डोळ्यांवर येत नाही हे पाहावे आणि कूस बदलण्याची दर दोन तासांची वेळ चुकवू नये, कारण खिडकीकडे पाहण्यासाठी एकाच अंगावर पडून राहिल्याने पाठीला व नितंबाला जखमा होऊ शकतात. शाहूनगरच्या ताईंनी पाण्याविषयी लिहिले आहे, त्यावर तूर्त एवढेच की, बाहेर पडण्याआधी तासभर आधी पेलाभर पाणी पिऊन शौचालयाला जाऊन यावे आणि परतताच पुन्हा भरपूर पाणी प्यावे. अर्जावर माझीही सही धरावी. वाई, कराड, पाटण आणि फलटणकडील सदस्यांनी आपल्या भागातील सपाट, सावलीच्या आणि बसायला कट्टा असलेल्या जागा इथे लिहिल्या, तर गुडघेदुखीच्या आणि वयस्क मंडळींसाठी त्यांची एकत्र यादी मी करीन.